बाटलीवरील चिठ्ठी आणि शेतकऱ्याचें नांव

तहसील कचेरींत तीस-पस्तीस वर्षें फेरफार आणि वसुलीचे तक्ते चाळलेल्या माणसानें समुद्रांतील प्रवासी बोटीवर चढावें, गोव्याच्या बंदरावर चार घटका उतरून मद्याची चव पाहावी, आणि परत येऊन त्याविषयीं शेतकीच्या मासिकांत लिहावें, हें आमच्या कित्येक स्नेह्यांस रुचणार नाहीं. त्यांची समजूत आरंभींच घालून ठेवतों. मद्याचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या घरांत रोज सायंकाळीं बाटली येते त्या घराच्या शेताचा उतारा पुढें कसा बदलत जातो, हें आम्हीं नोकरींत असतांना पुष्कळ पाहिलें आहे. आणि ज्या गांवीं बायाबापड्यांनीं मतदान करून बाटली आडवी केली, त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु मुरगांवच्या त्या मुक्कामांत आम्हांस जें दिसलें तें पिणाऱ्यापेक्षां पिकविणाऱ्याच्या उपयोगाचें आहे, म्हणून तें सभासदांपुढें ठेवीत आहों.

वय वर्षें ५८ पूर्ण होऊन आम्ही निवृत्त झालों, त्या निमित्तानें आमच्या मुंबईच्या चिरंजीवांनीं गेल्या चैत्रांत आम्हां उभयतांचीं मुंबई ते गोवा अशा बोटीचीं तिकिटें काढलीं. आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव सोबत आले. मंडळींना समुद्र पाहावयाचा होता. पुतण्याच्या मनांत मात्र दुसरेंच कांहीं घोळत होतें. मेहकर तालुक्यांत त्याची विहिरीखालची साडेतीन एकर जमीन आहे. हिवाळ्यांत एका मद्य कारखान्याचे प्रतिनिधि म्हणवणारे एक गृहस्थ त्या भागांत फिरले आणि वाइनच्या जातीचीं द्राक्षें लावा, सर्व माल आम्ही उचलूं, असें सांगून छापील करारनामा देऊन गेले. तो करारनामा पुतण्यानें पिशवींत घालून बोटीवर आणला होता. काकांना निवांत वेळ सांपडला कीं दाखवावा, हा त्याचा बेत.

सायंकाळीं मुंबईहून निघालेली बोट दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुरगांवच्या धक्क्याला लागली. उतरणाऱ्यांस दुपारपर्यंतची मुदत होती. कोणी समुद्रकिनारीं गेले, कोणी जुन्या गोव्यांतील चर्च पाहावयास गेले. आम्ही ज्या गाडींत बसलों ती फोंड्याच्या बाजूस एका मसाल्याच्या बागेंत गेली. ती बाग पाहून सुद्धां येणें सार्थकीं लागलें असतें. माड आणि सुपारी सर्वांत वर, सुपारीच्या खोडावर मिरवेल, तिच्या सावलींत वेलदोडा, खालीं हळद. एकाच जमिनींत चार मजल्यांचें पीक. आपल्याकडे तुरीच्या ओळींत मूग घेतला तरी आपण स्वतःस हुशार समजतों. असो.

बागेच्या टोकाला उतारावर काजूचीं झाडें होतीं व त्यांखालीं पत्र्याच्या छपरांत भट्टी लागलेली होती. काजूचा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा, म्हणून सर्व काम चालूं असतांना पाहावयास मिळालें. भट्टीवाले वयस्क गृहस्थ मराठी चांगलें बोलत. पिकून आपोआप गळलेलें बोंडच वेंचावयाचें, झाडावरून ओरबाडावयाचें नाहीं, हा तेथील पहिला नियम. बी पिळून वेगळी करतात. ती बाजारांत गेली म्हणजे झाडाचा एक हप्ता पदरांत पडला. राहिलेलीं बोंडें दगडी कुंडींत, जिला तेथें कोळंबी म्हणतात, पायांनीं तुडवितात. कोठें कोठें आतां यंत्राचा दाबहि वापरतात. चोथ्याचा गोळा बांधून वर धोंडा ठेवला म्हणजे जो रस ठिबकत राहतो तो नीरो. तुडविलेला रस तीनेक दिवस आंबूं देतात. त्यांत बाहेरचें विरजण कांहीं घालीत नाहींत. मग तो भट्टीवर चढवून एकदां काढला कीं हुर्राक, आणि हुर्राकांत आंबलेला रस मिसळून पुन्हां एकदां काढला कीं फेणी. हुर्राक हंगामापुरतें असतें, टिकत नाहीं. फेणी वर्षानुवर्षें राहते आणि तिच्यांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ४२ च्या वर असतें.

आम्हीं नीरोचे दोन पेले घेतले. गोड, किंचित् तुरट, घसा थोडा धरणारा, आणि थंड केलेला असल्यामुळें त्या उकाड्यांत अत्यंत सुखद. त्यांत नशा मुळींच नाहीं. फेणीचा वास तेवढा घेतला. त्या वासानेंच आमचें काम भागलें. पुतण्यानें मात्र सर्वांची चव पाहिली आणि तोंड वेडेंवांकडें करून म्हणाला, “काका, पिण्याचें जाऊं द्या, पण झाडाखालीं पडलेल्या फळाचा पैसा करतात हे लोक.”

हें खरें आहे. काजूचें झाड मूळचें ब्राझीलचें. पोर्तुगीजांनीं तें सोळाव्या शतकांत इकडे आणलें. परकें झाड, परक्या राज्यकर्त्यांनीं आणलेलें. परंतु त्याच्या बोंडापासून जें केलें तें गोव्याच्या माणसानें आपलें म्हणून केलें, आणि २००९ सालीं फेणीस भौगोलिक चिन्हांकन मिळवून त्या नांवाभोंवतीं कायद्याचें कुंपणहि घातलें. सरहद्दीच्या या बाजूस आपल्याच राज्याच्या सिंधुदुर्गांत तेंच झाड आहे, तेंच बोंड आहे. तेथें १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं शेतकऱ्यास अशी भट्टी लावण्याची मोकळीक नाहीं. म्हणून बोंडांचा मोठा भाग बागेंतच कुजतो किंवा सीमेपलीकडे जातो. कायदा चूक कीं बरोबर हें आम्ही येथें ठरवीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, नीरो बाटलींत भरून टिकविण्याचा उद्योग मनापासून केला गेला असता तर त्यास कोणत्याच कायद्याची आडकाठी नव्हती.

परततांना वास्कोस गाडी थांबली. तेथील दुकानांत पाहुण्यांस चव पाहण्यासाठीं लहान पेल्यांतून 'पोर्ट वाइन' देत होते. ही मात्र आम्हीं जिभेला लावली. लाल, दाट, जांभळाच्या सरबतासारखी गोड, आणि मागाहून घशांत उष्ण. वाईट नव्हती. बोटीवरील मंडळी 'गोव्याची खासियत' म्हणून दोन-दोन बाटल्या घेऊं लागली. आम्हांस जुन्या संवयीनें बाटलीवरील चिठ्ठी वाचण्याची बुद्धि झाली.

सातबाराचा उतारा हातांत आला कीं कारकुनाची नजर कोठें जाते? प्रथम भोगवटादाराच्या रकान्यावर, मग इतर हक्कांत बोजा कोणाचा आहे त्यावर, आणि शेवटीं नमुना बारामध्यें प्रत्यक्ष पीक कोणतें उभें आहे त्यावर. त्याच क्रमानें आम्हीं ती चिठ्ठी वाचली. मालक कोण तें होतें. बाटली कोठें भरली तें होतें. कर, परवाना, इशारा, सर्व होतें. द्राक्ष कोणत्या गांवचें, कोणी पिकविलें, हा रकाना नव्हताच. दुकानदारास विचारलें तेव्हां तो हंसून म्हणाला, “गोव्यांत कुठलीं द्राक्षें? तीं घाटावरून येतात.” आणि तें यथार्थ आहे. गोव्यांत द्राक्षाची शेती नांव घेण्यासारखी नाहीं. तेथील मद्यासाठीं लागणारीं द्राक्षें महाराष्ट्र-कर्नाटकांतून जातात. म्हणजे माल आपल्या बाजूच्या शेतकऱ्याचा, खासियत गोव्याची, आणि नांव पोर्तुगालचें.

त्या नांवाची मूळ कथा वाचकांनीं अवश्य जाणून घ्यावी. पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दूरो नदीच्या डोंगराळ खोऱ्यांतील द्राक्षांची वाइन. ती पोर्तो बंदरांतून इंग्लंडास जाई म्हणून तिला तें नांव पडलें. रस आंबत असतांनाच त्यांत ब्रँडी घालतात, त्यामुळें आंबणें थांबतें व गोडी राहते. अठराव्या शतकांत मागणी वाढली तशी भेसळ सुरू झाली. भलतीकडचीं द्राक्षें आणि रंगासाठीं एल्डरबेरी नांवाच्या झुडपाच्या फळांचा रस त्यांत मिसळूं लागले. भाव कोसळले. तेव्हां तेथील प्रधानानें, जो पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झाला, १७५६ सालीं एक कंपनी स्थापून ठराविक हद्दींतील द्राक्षांसच तें नांव लावतां येईल असा नियम केला. पुढच्या कांहीं वर्षांत त्या हद्दीवर दगड रोवण्यांत आले. त्यांतील कित्येक आजहि उभे आहेत. एल्डरबेरीचीं झाडें उपटून टाकण्याचा हुकूम सुटला. मोजणी खात्याशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांस ही गोष्ट फार रुचेल. बांधाचे दगड आपण शेजाऱ्याशीं भांडण्यासाठीं रोवतों; त्यांनीं ते नांव राखण्यासाठीं रोवले.

दुपारीं बोटीवर परत आल्यावर पुतण्यानें करारनामा पुढें ठेवला. त्याचें म्हणणें सरळ होतें. एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्ष लागतें. बाटली जेवढ्यास विकली जाते तेवढ्यांत बाजारांत द्राक्षाच्या किती पेट्या येतील याचा हिशोब त्यानें कागदावर मांडला होता. तो हिशोब चुकीचा नव्हता. फक्त तो दुसऱ्याच्या खात्याचा होता.

येथें नाशिककडील इतिहास सांगणें प्राप्त आहे. २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्ष प्रक्रियेचें धोरण जाहीर करून वाइनच्या कारखान्यांस उत्पादन शुल्कांत सवलती दिल्या. नाशिक, पुणें, सांगली या बाजूंस कारखाने निघाले आणि करारावर शेंकडों एकर जमिनींत वाइनच्या जाती उभ्या राहिल्या. कांहीं कारखान्यांनीं नांव कमावलें. आज नाशिकला लोक दुरून चव पाहण्यासाठीं येतात, आणि नाशिक खोऱ्याच्या वाइनला भौगोलिक चिन्हांकनहि मिळालें आहे. परंतु २००८ सालीं जगभर मंदी आली, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, वाइनचा खप घसरला. एका मोठ्या कंपनीची घडी विस्कटली, कित्येक लहान कारखान्यांनीं माल उचलला नाहीं किंवा उचलून पैसे थकविले. खाण्याचीं द्राक्षें असतीं तर शेतकऱ्यानें तीं बाजारांत नेलीं असतीं, नाहींपेक्षां बेदाणा केला असता. वाइनच्या जातीचा मणी लहान, सालीचा, बियांचा. तो गिऱ्हाईक हातांत घेत नाहीं. त्या पिकास कारखान्यावांचून दुसरा बाजारच नाहीं. लोकांनीं मांडव तसेच ठेवून वेली उपटल्या आणि पुन्हां खाण्याच्या जाती लावल्या. ज्यांचे कारखाने टिकले त्यांच्याशीं बांधलेले शेतकरी टिकले, हेंहि सांगितलें पाहिजे.

२७ जानेवारी २०२२ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला, तेव्हां शेतकऱ्याच्या हिताचें कारण पुढें करण्यांत आलें होतें. विरोधहि मोठा झाला. त्या वादांत दोन्ही बाजूंनीं पिणाऱ्याविषयीं पुष्कळ बोलणें झालें. पिकविणाऱ्याच्या करारांत काय लिहिलेलें असतें, हें विचारणारे आम्हांस फार थोडे आढळले.

आमच्या घरीं हा प्रश्न पुस्तकी नाहीं. २००३ सालीं आमच्या थोरल्या बंधूंनीं अशाच छापील करारावर सफेद मुसळी लावली होती. त्या काळीं विदर्भांत मुसळीचें वेड कसें पसरलें होतें तें जुन्या वाचकांस आठवत असेल. बेणें कंपनीकडूनच घ्यावयाचें, माल कंपनीनेंच परत घ्यावयाचा. बेण्याचे पैसे कंपनीनें रोख घेतले. माल निघाला तेव्हां कार्यालयास कुलूप होतें. बंधूंनीं दोन एकर विकलें. त्या खरेदीच्या फेरफाराचा कागद आमच्याच टेबलावरून गेला. त्यावर नेहमींप्रमाणें आवक क्रमांक टाकून आम्हीं तो पुढें पाठविला. करार सहीपूर्वीं त्यांनीं आम्हांस दाखविला होता. आम्हीं तो वाचला नव्हता, चाळला होता. पुतण्या त्या वेळीं नऊ वर्षांचा होता.

म्हणून या वेळीं आम्हीं करार अक्षरशः वाचला. तेरा कलमें होतीं. रोपें कोणाचीं, औषधें कोणतीं, छाटणी केव्हां, पाणी किती, सर्व शेतकऱ्याचीं कर्तव्यें मुद्देसूद लिहिलेलीं. भाव 'साखरेच्या प्रमाणानुसार' देण्यांत येईल, असें होतें. तें प्रमाण कोण मोजणार, कोणासमोर मोजणार, हें नव्हतें. 'बाजारपरिस्थिति प्रतिकूल झाल्यास' कंपनी माल नाकारूं शकेल, असें होतें. मग मांडवाचा खर्च कोणी सोसावा, हें नव्हतें. द्राक्षवेल लागवडीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं धरते आणि करार पांच वर्षांचा होता, म्हणजे खर्चाचीं वर्षें आमचीं व नकाराचा अधिकार त्यांचा. माघ-फाल्गुनांत पीक काढणीस येतें आणि गारपीटहि आपल्याकडे नेमकी त्याच सुमारास येते. २०१४ ची गारपीट कोणी विसरलेला नसेल. त्याविषयीं एक अक्षर नाहीं. आणि बाटलीवरील चिठ्ठीचा तर विचारच नको.

कोणी म्हणेल, चिठ्ठीवर नांव घालून पोट भरतें काय? नुसत्या नांवानें भरत नाहीं, हें आमच्या जिल्ह्याइतकें कोणास ठाऊक असणार? खामगांवचा कापसाचा बाजार एके काळीं एवढा मोठा होता कीं, १८७० सालीं जलंब-खामगांव हा रेल्वेचा फांटा खुला करण्यास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तिकडे लिव्हरपूलच्या बाजारांत आपला वऱ्हाडी कापूस उमरावतीच्या नांवावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जाई. गांवाचें नांव साता समुद्रापलीकडे गेलें. शेतकरी सावकाराच्या ओटीवर होता तेथेंच राहिला. कारण नांव मालास लागलें होतें, तें नांव वापरण्याचा हक्क पिकविणाऱ्याच्या हातीं नव्हता.

१९९९ च्या भौगोलिक चिन्हांकनाच्या कायद्यांत ही उणीव भरून काढण्याची सोय आहे, आणि फार थोडे शेतकरी तिचा लाभ घेतात. त्या कायद्याच्या नोंदवहीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागांत चिन्हांकन नोंदलें जातें. दुसऱ्यांत तें नांव वापरण्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून प्रत्यक्ष उत्पादकांचीं नांवें चढतात. नोंद दहा वर्षांची असते व पुन्हां वाढवितां येते. नागपुरी संत्र्यास २०१४ सालीं चिन्हांकन मिळालें. जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील आमचे संत्रा बागाईतदार आपला माल व्यापाऱ्याच्या गाडींत भरून देतात, आणि पुढें तो कोणत्या नांवानें विकला जातो हें त्यांस ठाऊकहि नसतें. आपलें गांव त्या हद्दींत बसतें कीं नाहीं, नसल्यास आपल्या मालास वेगळें नांव मागतां येईल कीं नाहीं, ही चौकशी आपल्या संघानें एकदां रीतसर लिहून केली पाहिजे. त्याच तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं मोह आहे. मोहफुलें वेंचणें, सांठविणें व नेणें यांवरील निर्बंध शासनानें २०२१ सालीं शिथिल केले. त्या फुलांचा गोडवा दारूच्या भट्टीशिवाय दुसऱ्या मार्गानेंहि विकतां येतो. गोव्याच्या नीरोचे दोन पेले घेतांना आम्हांस त्याचीच आठवण झाली. परंतु तेथेंहि प्रथम हेंच ठरविलें पाहिजे कीं, डब्यावर नांव वेंचणाऱ्या गांवाचें असेल कीं डबा भरणाऱ्या पेढीचें.

बोट संध्याकाळीं सुटली. डेकवर लोक गात होते; आम्ही आणि पुतण्या एका कोपऱ्यांत कराराच्या समासांत पेन्सिलीनें लिहीत बसलों होतों. साखरेचें माप शेतकऱ्याच्या समोर, त्याच्या बांधावर घ्यावें. कांहींहि झालें तरी किमान भाव इतका, तो आंकडा करारांतच असावा. माल नाकारल्यास मांडवाच्या खर्चाचा ठराविक हिस्सा कंपनीनें द्यावा. आणि ज्या बाटलींत या शिवाराचीं द्राक्षें जातील तिच्या चिठ्ठीवर गांवाचें नांव छापावें. शेवटचें वाक्य लिहितांना पुतण्या हंसला. म्हणाला, “काका, हें ते मान्य करणार नाहींत.” आम्हीं म्हटलें, तें बाकीच्या तिन्हींहून स्वस्त आहे, तें देण्यासहि जो तयार नाहीं तो बाकीचें काय देणार?

सभासदांपैकीं ज्यांच्याकडे अशा तऱ्हेचे करारनामे आले असतील, मग ते द्राक्षांचे असोत, बियाण्यांचे असोत किंवा औषधी वनस्पतींचे, त्यांनीं सही करण्यापूर्वीं एक प्रत संघाच्या कार्यालयांत आणून द्यावी. आम्ही दर शनिवारीं तेथें बसतों. वाचण्याचें काम आम्ही विनामूल्य करूं, चाळण्याचें नाहीं.

पुतण्यानें तीं चार वाक्यें शुद्ध लिहून त्या गृहस्थांस पाठविलीं, त्यास आतां अडीच महिने झाले. उत्तर आलेलें नाहीं. विहिरीजवळच्या तुकड्यांत त्यानें यंदा तूर पेरली आहे.